भागूबाईचं ‘नाही म्हणजे’

...तर डॉक्टरांनी साप्ताहिक उघडलं आणि इकडे काउंटरवर माझ्या भाचीने नंबरांच्या वहीत तोंड खुपसलं, इथवर काल आलो होतो. नेमकं तेव्हाच तुमच्यातलं कुणीतरी घोरायला लागलं. असो. काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जातो.

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसते, नंबर लावते, कण्हणाऱ्यांना धीर देते. नवरा गेल्यापासून घर आणि मुलींचं शिक्षण तिच्या एकटीच्या पगारावर चालतं. पण धीर देणारी स्वतः इतकी घाबरट, की घरीदारी सगळे तिला भागूबाईच म्हणतात. पालीला भिते, पोस्टमनला भिते, फोन वाजला तर आधी केस सारखे करते. आणि तोंड उघडलं की पहिले शब्द ठरलेले, “नाही म्हणजे...” भूक लागली तरी, “नाही म्हणजे, तसं काही नाही, पण जेवायचं का?”

अशा बाईला लिहायची हौस! टोपणनावाने साप्ताहिकाला लेख पाठवायची. ‘प्रभातसमयी सुवर्णकिरणांनी नटलेली वसुंधरा’ वगैरे. अगं, तुला सकाळी नळाखालची बादली सोडून काय दिसतं? पण मी गप्प. आम्ही गावच्या शाळेत शिकलेले, आम्हाला वसुंधरा म्हटलं की मास्तरांची छडी आठवायची.

शेवटी संपादकांनी तिला बोलावून घेतलं. म्हणाले, “बाई, भाषा छान आहे, पण उसना कोट घातल्यासारखी. खांद्यावरून घसरतेय. यात सूर्य आहे, पाखरं आहेत, तुम्ही कुठे आहात?”

रडतच माझ्याकडे आली. “मामा, मला लिहिताच येत नाही.”

म्हटलं, “मला दवाखान्यातल्या गमती सांगतेस, तेव्हा माझं हसून पोट दुखतं. तेच लिही की!”

“तसं कुणी लिहितं का?”

“मग कसं लिहितात?”

मग सुरू झालं बघा. स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने बोलायची आणि बोललेलं लिहायची. परत वाचायची. जीभ अडखळली की तो शब्द हद्दपार. वसुंधरा गेली, सुवर्णकिरण गेले. दोनदा भाजी करपली. ‘नाही म्हणजे’सुद्धा खोडायला निघाली होती, मीच हात धरला. म्हटलं, “तेवढं राहू दे. ते काढलंस तर उरेल काय?”

लेख झाला आणि मला वाचून दाखवता दाखवता तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“मामा, लोक ओळखतील.”

“नाव कुठे घातलंयस?”

“नाव नाही हो, पण मी आहे ना त्यात!”

बघा, पूर्वीचे सगळे लेख बिनबोभाट छापून आले होते. कुणी ओळखलं नाही, कारण ओळखण्यासारखं त्यात कुणी नव्हतंच. आता कुठे ती कागदावर उभी राहिली आणि तिथेच तिला दरदरून घाम फुटला. तरी दिला हो लेख. देऊन परत येताना दोनदा वळून माघारी गेली, पण संपादकांचं दार वाजवायचीही हिंमत होईना, म्हणून तो छापला गेला!

आता आलो त्या सकाळवर. बाकांवर गाल धरून बसलेली मंडळी, आतून यंत्राची घरघर. डॉक्टर बाहेर आले, साप्ताहिक उचललं आणि हसत मोठ्याने वाचायला लागले, “नाही म्हणजे, दात सगळ्यांनाच येतात, पण धीर काही सगळ्यांना येत नाही...”

बाकावरच्या एका आजीबाई गालावरचा रुमाल काढून म्हणाल्या, “अगं बाई, ही तर आपली काउंटरवरची!”

भागूबाई खाली वाकून, न पडलेलं पेन शोधायला लागली. वर डॉक्टर वाचतच होते. लेखात बायकोचा हात घट्ट धरून आलेला पैलवान आला, घरघर ऐकताच दुखायची थांबणारी दाढ आली. मंडळी दुखणं विसरून हसत होती. आणि मग ते वाक्य आलं, ‘आमच्या डॉक्टरांची स्वतःची दाढ महिनाभर ठणकतेय, पण ते लवंग चघळतात आणि त्या खुर्चीकडे पाठ करून बसतात.’

डॉक्टर थांबले. त्यांच्या तोंडाला लवंगेचा वास येत होता. बाकांवरची मंडळी परत गाल धरून बसली.

“बाई, आत या.”

आत गेली, तर बसायला दुसरं काही नाही. त्याच खुर्चीत बसली. मागे ट्रेमध्ये पकडी मांडलेल्या, डोळ्यांवर दिवा. मला सांगताना म्हणाली, मामा, दात एकमेकांवर इतके आपटत होते की डॉक्टरांना मोजता आले असते.

“उद्या कोण येईल माझ्याकडे?” डॉक्टर म्हणाले. “आम्हाला भ्यायची सोय नसते, बाई.” मग औषधाच्या चिठ्ठीचा एक कागद ओढून त्यावर भराभर मजकूर लिहिला आणि तिच्यापुढे केला. ‘सदर लेख सर्वस्वी काल्पनिक असून आमचे दंतवैद्य हे धैर्याचे मेरुमणी आहेत. तरी वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये.’ म्हणाले, “खाली तुमचं खरं नाव घाला. पुढच्या अंकात छापून येऊ दे. नाहीतर उद्यापासून काउंटरवर दुसरी कुणी बसेल.”

तिने कागद गुडघ्यावर घेतला. डोळ्यांपुढे महिन्याचं वाणसामान, मुलींची शाळा. पेन उघडलं, टोक कागदाला टेकवलं. मग सवयीने तो मजकूर ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. पेन उचललं आणि म्हणाली,

“डॉक्टर, कामावरून काढायचं तर काढा, पण ह्याखाली माझं नाव नको; ह्यात मी आहे कुठे? हे वाचून घरची माणसं मला शोधायला निघतील.”