आईचा शेवटचा रोल
कपाट उघडलं की कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीचा कुबट वास येतो आणि ती दुपार आठवते. आजार बळावल्यावर आईच वडिलांना म्हणाली, "तुमच्या कॅमेऱ्यानं माझा एक फोटो काढा." त्यांच्या जुन्या लेन्सला बुरशी लागली होती, म्हणून भावानं सर्जापूर रोडच्या त्याच्या घरून आपली नवी लेन्स आणली. फिल्मच्या कॅमेऱ्यावर ती चपखल बसली. मल्लेश्वरमच्या घराच्या बाल्कनीत आई उन्हात बसली. "स्वल्प थांबा, पदर नीट करते," म्हणाली. कॅमेऱ्यातून ती लख्ख दिसत होती. वडिलांनी सगळा रोल तिच्यावरच संपवला. तेराव्यानंतर तो धुऊन आणला, तर फिल्मची पट्टी काचेसारखी कोरी. वडिलांनी लेन्स हातात फिरवून पाहिली. "उजेड कमीजास्त करायचं कडंच नाही या लेन्सला. जुन्या कॅमेऱ्यावर बटण दाबलं की आतली झडप अगदी बारीक होत असणार, उजेड आत जातच नसणार," ते म्हणाले. भाऊ रडायला लागला. वडिलांनी पट्टी खिडकीशी धरली आणि मला विचारलं, "इथं बसलीय बघ. दिसते ना?" मला काहीच दिसलं नाही, तरी मी हो म्हटलं. आता वडीलही नाहीत. कधीकधी मीच ती पट्टी खिडकीशी धरते आणि बराच वेळ बघत राहते.