सारिकाची प्लेट

सारिकाचे दात अडतिसाव्या वर्षी सरळ झाले. आमच्याकडे या वयात बाईचे दात हलायला लागले तर कुणी चकार शब्द काढत नाही, पण तिने ते सरळ करून घेतले की नातेवाइकांना बोलायला विषय मिळतो. "आता कोणाला दाखवायचे?" असं तिच्या वहिनीने, दिपमालाने, विचारलंच. लहानपणापासून तोंडावर हात धरून हसणारीला उलट उत्तरं द्यायची सवय नसते.

शिंदखेड्याला आई अंथरुणाला खिळली तेव्हा घरात बिनलग्नाची ही एकटीच. आईचं सगळं तिने केलं. आई गेली, घर भावाच्या संसाराने भरून गेलं, आणि ही जळगावला येऊन डाळमिलमध्ये माल तपासायच्या कामाला लागली, मेहरूणला तलावाजवळ एक खोली घेऊन राहिली. मग आयुष्यात पहिल्यांदा तिने आपल्या मनासारखं काहीतरी केलं. दातांना तारा बसवून घेतल्या. "आरशात बघावंसं वाटलं पाहिजे, बास," हे तिने फक्त डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं.

तारा निघाल्या त्या दिवशी ती खोलीवर येऊन आरशासमोर हसली, तोंडावर हात न धरता. बघायला दुसरं कुणी नव्हतं. त्यानंतर आली प्लेट. तिला रिटेनर म्हणतात. टाळूला चिकटून बसणारा गुलाबी तुकडा आणि पुढच्या दातांवरून जाणारी एक तार.

"दात हट्टी असतात, ताई," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "मोकळे सोडले की जुन्या जागी जायला बघतात. प्लेट दिवसरात्र घालायची, जेवताना तेवढी काढायची. गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायची, गरम पाण्यात वाकडी होते. काढली की डबीत. कागदात गुंडाळून ठेवली की ती कचऱ्यात गेलीच म्हणून समजा. आणि सुरुवातीला जीभ अडखळेल, बोलणं बोबडं येईल. घाबरायचं नाही. प्लेट घालूनच भरपूर बोलायचं, थोड्या दिवसांत जीभ सरावते."

आईची औषधं सांभाळली तशी तिने ती प्लेट सांभाळली. उन्हाळ्यात जळगावच्या नळाला पाणीसुद्धा चटका देणारं येतं, म्हणून ही माठातलं पाणी घेऊन प्लेट धुवायची. मिलमध्ये डबा खाताना डबी मांडीवर ठेवायची.

राहिलं फक्त बोलणं. मिलमध्ये चाळण्या सुरू झाल्या की शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नाही, त्यामुळे सगळे हातांनीच बोलतात. चिमूट दाखवली की डाळीत खडे आहेत, पंजा दाखवला की थांबव, अंगठा तोंडाकडे नेला की चहा आला. कितीतरी दिवस तोंड न उघडता जायचे. संध्याकाळी भावाला फोन करावा, तर प्रेमराज "बरी आहेस ना?" असं विचारून स्वतःच "बरं मग" म्हणायचा. दिपमाला म्हणायची, "कुकर लावलाय, नंतर करते." तिचं ते नंतर अजून यायचं आहे.

सारिकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचून पाहिलं. रिकाम्या खोलीत स्वतःचाच बोबडा आवाज ऐकून तिला इतकी लाज वाटली, की तिने उठून टीव्ही लावला. जन्मभर लोकांनी वाकड्या दातांमुळे तिच्या तोंडाकडे पाहिलं होतं. आता दात सरळ झाले तर बोलण्याला हसतील, या भीतीने जीव खाल्ला होता. हे बोबडेपण काहीही करून जायला हवं होतं.

महिन्याने ती तपासणीला गेली. डॉक्टरीणबाईंनी प्लेट उजेडात धरली. "वा! कॉलेजच्या मुली पिवळी करून आणतात. दातही जिथल्या तिथे. काही त्रास?"

सारिकाने प्लेट परत बसवली. "नाही. सगळं सुरळीत," ती म्हणाली, आणि त्यातला प्रत्येक स जिभेत अडकला.

डॉक्टरीणबाई थबकल्या. "अजून बोबडं येतंय? बोलताना काढून ठेवता का?"

"नाही हो."

"मग आतापर्यंत जायला हवं होतं. रोज बोलता ना कुणाशी तरी?"

साधाच प्रश्न होता, विचारणारीच्या मनात काही नव्हतं. सारिकाला मात्र उघडं पडल्यासारखं झालं.

"बोलते ना," ती घाईने म्हणाली. "भाऊ आहे, वहिनी आहे, भाची आहे. भरलेलं घर आहे." यातलं काही खोटं नव्हतं, फक्त ते घर शिंदखेड्याला होतं.

"मग घरच्यांना सांगा, ताईंना गप्प बसू देऊ नका," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

बाहेर तिने रिक्षा थांबवली. रिक्षावाला भिकन, डोक्याला रुमाल बांधलेला, पन्नाशीचा माणूस. "कथा जानं शे, अक्का?"

"मेहरूणले," तिच्या तोंडून आपसूक गावाकडच्या अहिराणीत निघालं.

"कोनतं गाव तुमनं?"

"शिंदखेडा. मन्ही माय तठेच गई," ती म्हणाली आणि बोलतच सुटली. आईचं दुखणं, मिलमधल्या हातांच्या खुणा, माठातलं पाणी. जीभ ठिकठिकाणी अडखळत होती. भिकन हसला नाही. वाहनांतून वाट काढता काढता तो "मंग?" एवढंच म्हणायचा, आणि तेवढ्यावर ती पुढे सांगायची.

"घरमा कोन कोन शेतस?" त्याने मध्येच विचारलं.

"कोनी नही," ती म्हणाली.

रिक्षा तिच्या खोलीसमोर थांबली. भिकनने मागे वळून पाहिलं. सारिका उतरली नव्हती.

"भाऊ," ती म्हणाली, "तलावले एक चक्कर मारशात का? मन्हं बोलनं राही गयं."