उसन्या तारखेचा वाढदिवस

इथे लिहिणारा प्रत्येक जण आधी "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही" म्हणतो आणि मग चार पानं विश्वासाने लिहितो. मला त्याची चीड येते. पण माझीही सुरुवात तीच आहे, काय करता... मी सगळी नोकरी कापसाच्या प्रयोगशाळेत काढली. जे मोजता येत नाही ते माझ्या कामाचं नाही. कोणी भूत, करणी, बाहेरचं असलं काही काढलं की मी उठून जाते. ज्यांना हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, मधे हसू नये.

साल बासष्ट, मे महिना. अचलपूरकडच्या आमच्या गावातली इंटर सायन्सपर्यंत शिकलेली मी पहिली मुलगी. सुट्टीत अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत दोन महिन्यांचं ट्रेनिंग मिळालं. कापूस विंचरायचा, तंतू काळ्या मखमलीवर सरळ लावायचे आणि पट्टीने लांबी मोजायची, दिवसभर. राहायची सोय तिथल्या साहेबांच्या घरी. साहेब वऱ्हाडातलेच, काकू पुण्याच्या, मूलबाळ नाही. दुसरी ट्रेनी निर्मला, जुन्या शहरातल्या वकिलाची लेक. ती रोज घरून यायची.

मामाने माझ्यासाठी दर्यापूरची सोयरीक आणून ठेवली होती. निघताना बाबा म्हणाले, "सर्टिफिकेट आणलं तं पुढं शिक. नाई आणलं तं आखाड लागाच्या आंधी बोहल्यावर उभी राय." बाबा बोलले की बोलले. त्यामुळे त्या कागदावर माझं काय काय अडकलं होतं ते समजून घ्या.

फॉर्मवर साहेबांनी माझी जन्मतारीख वाचली. (ती इथे लिहीत नाही. तुमच्यातला कोणीतरी लगेच शुभेच्छा द्यायला धावेल.) पुढच्याच शनिवारी येत होती. माझा वाढदिवस कधी कोणी केलाच नाही हे कळल्यावर साहेब म्हणाले, "मग हा अख्खा आठवडा इंदूचा. रोज संध्याकाळी कुठेतरी जायचं, आणि शनिवारी मळ्यात निखाऱ्यावर भाजलेले रोडगे." काकूंचं तोंड वाकडं झालं. त्यांना माझं 'मले-तुले' ऐकवत नसे.

सोमवारी मोर्णेच्या पुलाजवळच्या रसवंतीवर गेलो. नदीत पाणी कसलं, नुसती रेती. निर्मलाने पहिला ग्लास माझ्यासमोर धरला, "घे वं, बर्थडेवाली," म्हणाली, आणि किंचाळली. ग्लास फुटला. तिच्या हातावर, मनगटाच्या वर, दातांचे लाल वण. ताजे, ओले. तिच्यासमोर मी एकटी.

"चावली कावून मले?" ती म्हणाली.

मी म्हटलं, मी जागची हलले नाही. साहेब हसून म्हणाले, काहीतरी डसलं असेल. निर्मला माझ्याशी बोलेनाशी झाली.

बुधवारी राजेश्वराच्या देवळात गेलो. दर्शन झालं. पायरीवर मोगऱ्याचे गजरे विकत होते. साहेबांनी एक घेतला आणि काकूंना म्हणाले, तुमच्या हाताने माळा तिला. काकूंनी नाइलाजाने माझ्या अंबाड्याला हात लावला आणि "आई गं" करून मागे झाल्या. तळहाताच्या कडेला तसेच वण, आणि रक्त. माझी तर त्यांच्याकडे पाठ होती. पाठीने चावते का मी?

पण लोकांना कारण नको असतं, माणूस हवा असतो. काकू भर देवळात म्हणाल्या, "खेड्यातल्या मुलींना वळण नसतं हे माहीत होतं. चावतात हे माहीत नव्हतं." घरी आल्यावर माझं ताट वेगळं वाढलं, पडवीत. साहेबांनी मला बोलावून हळूच सांगितलं, "इंदू, सर्टिफिकेटवर वर्तणुकीचा रकाना असतो. काकू म्हणतात, वडिलांना बोलवा. मी कार्ड टाकलंय." मला रडू नाही आलं. इतका संताप आला की दोन दिवस मी प्रयोगशाळेत कोणाकडे मान वर करून पाहिलं नाही. पण मनात एकच गोष्ट घोळत होती... दर्यापूर.

शनिवार. साहेबांचा शब्द होता म्हणून मळ्यात गेलो, नाहीतर कोणाला हौस होती? सकाळची वेळ, आंब्याखाली सतरंजी, गोवऱ्या पेटलेल्या. वांग्याची भाजी शिजत होती, परातीत जाड्या कणकेचा गोळा मळून तयार. निर्मला आणि काकू एका टोकाला, मी दुसऱ्या. साहेबांनी ओवाळायचं तबक पुढे केलं तर काकू म्हणाल्या, "मी नाही जवळ जाणार. पुन्हा चावली तर?"

झालं. माझं डोकं फिरलं. मी परातीतून मूठभर कणीक उचलली, चपटी केली आणि सगळ्यांदेखत कचकन दात रोवले. ती साहेबांपुढे धरली. "हे माहे दात. पाहा. आन् मंग हिच्या हातावरचे पाहा."

साहेब आयुष्यभर तंतू मोजणारा माणूस. खिशात पट्टी असायचीच. त्यांनी आधी माझा चावा मोजला, मग निर्मलाचा हात धरून सोमवारचा पिवळा पडलेला वण मोजला, मग काकूंचा. माझा ठसा रुंद, समोर सगळे दात. त्या दोघींच्या हातांवरचा जेमतेम निम्मा, आणि समोर वरच्या ओळीत फट. दोन दात नव्हतेच.

"हा लहान लेकराचा आहे," साहेब म्हणाले. "सहा-सात वर्षांच्या."

मळ्यात लेकरू नव्हतं. रसवंतीवर नव्हतं, देवळाच्या पायरीवर आमच्याजवळ नव्हतं. मी म्हटलं, आता तरी पटलं का, आणि कणीक परत परातीत टाकायला गेले, तर निर्मला माझ्या हाताकडे बोट दाखवून नुसती उभी. माझ्या चाव्याला लागून दुसरा चावा होता. छोटा. समोर फट. ती कणीक माझ्या मुठीतून सुटली नव्हती. तुम्ही म्हणाल, आधीपासून असेल. मीच चपटी केली होती हो, दोन मिनिटांपूर्वी.

तेवढ्यात मळ्याच्या वाटेने बाबा आले. एसटीने अकोल्याला उतरून, घरी चौकशी करून, उन्हात पायी. त्यांना कार्डावरून एवढंच कळलं होतं की पोरीने काहीतरी केलं. ओवाळायचं तबक पाहून म्हणाले, "हे काय होय?"

"इंदूचा वाढदिवस," साहेब म्हणाले.

"आज? आज कावून? हे तं पोळ्याच्या करीची होय."

साहेबांनी फॉर्मवरची तारीख सांगितली. बाबा सतरंजीच्या कडेला बसले, टोपी काढली. मग जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. गावातल्या शाळेत मुलींचा वर्ग टिकवायचा तर गुरुजींना मुली मोजून दाखवाव्या लागत. पहिलीतली एक पोर उन्हाळ्यात तापाने गेली. त्याच जूनमध्ये बाबा मला घेऊन गेले. तारीख विचारली, बाबांना सांगता येईना. गुरुजी म्हणाले, तारीख लिहिलेली आहे, नाव तेवढं बदलतो. बाबा हो म्हणाले. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे निम्म्या गावाच्या तारखा गुरुजींनीच दिलेल्या.

"नाव काय तिचं?" काकूंनी विचारलं.

"चंद्रा. सात वर्साची होती."

"चावायची का हो ती?"

"मले काय मालूम बाई. लेकरू होतं."

गोवऱ्यांचा धूर डोळ्यांत जात होता. मग काकू उठल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. ती चावलेली कणीक माझ्या हातातून घेतली, तिचा रोडगा वळला, निखाऱ्यात भाजला, तूप घातलं आणि आंब्याच्या बुंध्याशी ठेवला. समोर तबक ओवाळलं. "चंद्रा, घे गं बाळ," म्हणाल्या. या वेळी कोणी चावलं नाही. माझी माफी मात्र त्या बाईने शेवटपर्यंत मागितली नाही. मीही विसरले नाही.

सर्टिफिकेट मिळालं. वर्तणूक चांगली. जन्मतारीख तीच, कारण शाळेचा दाखला तेच म्हणतो. दर्यापूरला नकार गेला. मी शिकले, अमरावतीला नोकरीला लागले. बाबांनी एक बजावलं होतं, दर वर्षी त्या तारखेला एक रोडगा बाजूला काढत जा. मी चिडून का होईना, काढत आले.

सदुसष्ट साली प्रयोगशाळेतल्या एका बाईने माझी तारीख कुठेतरी वाचली आणि सकाळी सकाळी, मी नको नको म्हणेपर्यंत, तोंडात पेढा कोंबला. लगेच ओरडली. तिच्या बोटावर वण. मी खणातून पट्टी काढली आणि मोजला. ठसा मोठा झाला होता. समोरची फट भरली होती, दोन मोठे दात, शेजारी शेजारी. ती बाई पुढे वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मी घरी येऊन पहिल्यांदा रडले. सात वर्षांची गेलेली पोर, आणि तिला दात आले...

त्यानंतर माझी तारीख मी कोणालाही कळू दिली नाही. बारा वर्षं मी तिची तारीख स्वतःची म्हणून वापरली, तिला कोणी रोडगा दिला नाही, आणि ज्या वर्षापासून दिला त्या वर्षापासून तिचे दात वाढायला लागले. यात काही संबंध आहे असं मी म्हणत नाही. माझ्याकडे आकडा फक्त दोन ठशांचा आहे. दोन आकड्यांवर मी निष्कर्ष काढत नाही. गुरुजींनी नाव खोडलं हे कळतं, बाकीचं कळत नाही. कळलं असतं तर इथे लिहीत बसले नसते.

यंदाही मी अंगणात रोडगा ठेवला. सकाळी पाहिलं तर वरचं कडक तसंच राहिलेलं, आतला मऊ भाग तेवढा गेलेला. कुत्रं म्हणाल. कुत्रं असं निवडून खात नाही.

हल्ली मी मात्र तसंच खाते. माझे समोरचे दोन दात मागच्या वर्षी पडले.