अप्पांची रविवारची सभा

बासष्टची निवडणूक संपली आणि आमच्या ओट्यावर जमणारी प्रचाराची माणसं आठवडाभरात पांगली. त्याआधी तीन महिने, तमिळ मुलखाच्या राजधानीत, तिरुवल्लिकेणीच्या त्या गल्लीत माझ्या वडिलांना, अप्पांना, जेवायला फुरसत नव्हती. पक्ष नवा होता, परमिट आणि लायसन्सच्या कारभाराविरुद्ध उभा राहिलेला. सरकारने माणसाच्या दुकानात नि चुलीत नाक खुपसू नये, एवढंच अप्पांनी त्यातून घेतलं होतं. किल्ल्यातल्या सरकारी कचेरीत तीस वर्षं त्यांनी परवानग्यांच्याच फायली हाताळल्या होत्या. तिथे काय शिजतं हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

आमचा उमेदवार पडला. अप्पा खचले नाहीत. "हरणें मोठें नव्हे," ते आमच्या जुन्या तंजावरी मराठीत म्हणाले, "पांच वर्षें माणसें एकत्र ठेवणें मोठें. नाहीं तर पुढल्या वेळीं पुन्हा श्रीगणेशा." त्यांनी दर रविवारी चार वाजता सभा ठरवली. चटया अंथरायच्या, कॉफी द्यायची आणि आठवड्यात कोणाला कुठल्या कागदापायी हेलपाटे पडले त्यावर बोलायचं.

पहिल्या रविवारी पंधरा जण आले. दिवाळीपर्यंत चार उरले. त्यांतला एक शेजारचा छापखानेवाला मामा. तो कॉफीसाठी येतो असं माझं स्पष्ट मत होतं. "निवडणूक नाही तर सभा कसली?" तो तमिळमध्ये म्हणायचा. "लग्न झाल्यावर मांडव ठेवतात का?" अप्पा हसायचे, पण साडेतीनपासून गल्लीच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मी शाळेच्या वह्या तपासत आतून ते बघे आणि माझा जीव तुटे. आई जाऊन वर्षच झालं होतं. घरात आम्ही दोघंच.

एकदा कोपऱ्यावरचा किराणावाला न्हाणीघर बांधायला सिमेंटचं परमिट मिळावं म्हणून अर्ज लिहून मागायला आला. अप्पांनी त्याला साफ वाटेला लावलं. "ज्या कागदाविरुद्ध बोलतों, तोच मीं लिहूं?"

तेव्हा शहाणपण मी शिकवलं. म्हटलं, "अप्पा, लिहून द्या. अर्जासाठी येतील, मग सभेला बसतील. निदान ओटा तरी भरेल." ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी टाक शाईत बुडवला. अट घातली की अर्ज हवा असेल त्याने सभा संपेपर्यंत बसायचं.

ओटा भरला. अप्पांचं इंग्रजी म्हणजे काय सांगू! कुठल्या वाक्यावर फाईल अडते आणि कुठल्या वाक्यावर पुढे सरकते, हे त्यांना तोंडपाठ. त्यांचा अर्ज सहसा परत येत नसे. सिमेंट, लग्नाची साखर, दुकानाचं लायसन्स. मैलापूरहून लोक यायला लागले. सभेत ते बसत, नाही असं नाही. प्रसादाच्या सुंडलसाठी, त्या हरभऱ्याच्या उसळीसाठी, हरिकथेला बसलेले लोक आरतीची वाट बघतात, तसे बसत. अप्पा सांगत असायचे की हे परमिट मुळात असावंच कशाला, आणि समोरचा मान डोलवत आपला कागद घडी करून खिशात घालत असायचा. पुढे पुढे कोणाची बस चुकायची, कोणाचं मूल आजारी असायचं. अट केव्हा सुटली ते कळलंच नाही. अर्ज कानामागून आले आणि तिखट झाले. रविवारच्या जोडीला बुधवारही आला.

मी मात्र खूश होते. अप्पांची भूक वाढली होती, दाढी रोज होत होती. चळवळीचं काय चाललंय हे मी विचारलंही नाही.

मग तो किराणावाला आला, मुलीच्या लग्नाचे लाडू घेऊन. साखर वेळेवर मिळाली होती. त्याने अप्पांना वाकून नमस्कार केला आणि भरल्या डोळ्यांनी, तमिळ रीतीने आदराची हाक घालून म्हणाला, "अय्या, सरकार वाईट नाही हो. आपल्यालाच नीट मागता येत नव्हतं. तुम्ही शिकवलंत." अप्पांनी लाडू घेतला आणि तो कितीतरी वेळ तसाच हातात धरून बसले. मला वाटतं, त्या दिवशी त्यांचं सगळं संपलं. अर्ज त्यांनी त्यानंतरही लिहिले. अडलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांच्याने झालं नाही.

सदुसष्टची निवडणूक जवळ आली तशी पक्षाचे दोन तरुण दारात उभे राहिले. तुमची सभा एवढी वर्षं चालू आहे असं ऐकलं, म्हणाले, तर काम करणारी किती माणसं देता? अप्पांनी अर्जांसाठी बसलेल्यांकडे पाहिलं. दहाबारा होते. अप्पांनी त्यांना विचारलं. एकजण तेवढा म्हणाला, "निवडून येणाऱ्यांशी वाकडं झालं तर आमचे कागद अडतील, अय्या." तरुणांनी नमस्कार केला आणि ते गेले.

माणसं उठून गेल्यावर अप्पांनी मला बाहेर बोलावलं. ओट्यावर वाऱ्याने कागद उडत होते, ते त्यांनी उचलले नाहीत.

"एक विचारतों. तुला तरी पटलें होतें कीं, मीं बोलत होतों तें?"

मी बेचाळीस वर्षांची मास्तरीण. त्यांचं म्हणणं चूक की बरोबर, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मला फक्त ते एकटे पडायला नको होते. त्यापायी मी त्यांची सभा मोडून त्यांना गर्दी दिली होती.

"हो अप्पा," मी म्हटलं, "पटलं होतं ना."

आयुष्यभर लोकांची खोटी निवेदनं तपासलेला माणूस तो. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, "सरी", बरं, एवढंच तमिळमध्ये म्हणाले आणि चटई गुंडाळायला लागले.