कुत्र्यानं मेहुण्याकडे पाहिलं

प्रेत उचलणाऱ्या माणसाशी लोक फार अदबीनं वागतात. म्हणजे त्याला लांबूनच वाट मोकळी करून देतात. जरथुष्ट्राला मानणाऱ्यांच्या त्या लहानशा वस्तीत हे काम दोघांकडे होतं. थोरल्याला सगळे नियम्या म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर कोणी काहीच म्हणत नसे. दुसरा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. नियम्या दिवसभरात जेवढं बोले, तेवढं मेहुणा चपला घालता घालता बोलून टाकी.

दोघं असायला कारण होतं. प्राण गेला की उत्तरेकडून नसू, म्हणजे प्रेताला विटाळणारी राक्षसीण, येते, माशीच्या रूपानं, आणि देहावर बसते. जो एकटा प्रेत उचलेल त्याच्या अंगात ती शिरते. म्हणून तान्हं मूल असलं तरी उचलणारे दोन, आणि दोघांच्या हातांत एकाच पांढऱ्या फडक्याची दोन टोकं. नियम्यानं हे फडकं कधी सोडलं नव्हतं. बायको म्हणायची, "माझा हात एवढा घट्ट धरला असता तर!"

उचलण्याआधी कुत्रं आणायचं. त्याच्या डोळ्यांवर दोन पिवळसर ठिपके, म्हणून ते चार डोळ्यांचं. त्याच्या नजरेनं नसू पळते, असं धर्मग्रंथ सांगतो. या दोघांचा हिशेब अधिक साधा होता. कुत्र्यानं टक लावून पाहिलं आणि खाली बसलं, की माणूस गेला. तोंड फिरवलं, तर थांबायचं. डॉक्टरांचं म्हणणं नियम्या ऐकून घेई, मग कुत्र्याला विचारी.

दातांच्या डॉक्टरची आई वारली त्या दुपारी कुत्र्यानं म्हातारीकडे पाहिलंच नाही. ते वळलं आणि प्रेताच्या पायांशी उभ्या असलेल्या मेहुण्याकडे पाहू लागलं. पापणी न हलवता. मग समाधानानं खाली बसलं, जसं काम उरकल्यावर बसतं.

"माझ्या खिशात पाव आहे, त्याचा वास आला असेल," मेहुणा पुटपुटला.

धर्मगुरू खाकरले. ऊन उतरत होतं आणि सूर्य असेपर्यंतच सगळं व्हायला हवं होतं. कुत्र्याला पुन्हा आणलं. या खेपेला त्यानं म्हातारीकडे पाहिलं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नियम्याचा सोडून. प्रेत उचलून, जिथं ते गिधाडांच्या हवाली करायचं त्या टेकडीवरच्या बिनछपराच्या दगडी वर्तुळाकडे जाताना त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: मेहुणा जर गेलेल्यांत जमा असेल, तर आपण एकटेच आहोत. आणि प्रेतं दोन आहेत.

त्याच्या मते यावर जुन्या ग्रंथात तोड होती. दुसरा माणूस नसेल तर कुत्रं चालतं. त्याची दोरी मनगटाला बांधायची. दुसऱ्या दिवसापासून नियम्या मेहुण्याकडे जाताना मनगटाला कुत्रं बांधून जाऊ लागला. चहालासुद्धा.

"राखण करायला आणलं का, दाजी?" मेहुणा हसला.

"असू दे," नियम्या म्हणाला.

हे असं चाललं. नियम्यानं कारण कोणाला सांगितलं नाही, पण वस्तीला कारणं सांगावी लागत नाहीत. न्हावी मेहुण्याचा टॉवेल वेगळा ठेवू लागला. मेहुण्याच्या बाहीवर माशी बसली की समोरचा बोलता बोलता थांबून ती कुठल्या खिडकीतून आली ते बघे. ती बहुधा उत्तरेच्याच खिडकीतून आलेली असे.

नियम्याची बायको कडाडली. "माझा भाऊ जिवंत आहे! तीन माणसांचं एकटा जेवतो. मेलेली माणसं दुसऱ्यांदा वाढून घेतात का?"

"मी काही म्हटलं का?"

"तेच तर! म्हणा की काहीतरी!"

नियम्या कुत्र्याची दोरी घेऊन बाहेर पडला. मेहुणा हळूहळू गप्प होत गेला. आधी विनोद संपले, मग गप्पा, मग भूक. आरशासमोर उभा राहून तो स्वतःकडे फार वेळ पाही, पापणी न हलवता. एकदा बहिणीला म्हणाला, "ताई, मला जेवणाची चवच लागत नाही गं. दाजींना विचार ना, हे असंच असतं का?"

एका सकाळी तो प्रेतं ठेवायच्या खोलीत आला आणि दगडी शिळेवर सरळ आडवा झाला. हात छातीवर, डोळे मिटलेले. "आणा कुत्रं. एकदाचा निकाल लागू दे. तुम्ही म्हणाल ते मला मान्य."

बहीण दारात उभी राहिली. नियम्यानं कुत्र्याला शिळेपाशी नेलं. कुत्र्यानं मेहुण्याचं तोंड हुंगलं, शिंकलं, मान फिरवली आणि दोरी ताणत बाहेर उन्हाकडे निघालं.

"बघा! बघा!" बहीण हसत होती आणि रडत होती. नियम्यानं मनगटाची दोरी सोडली. दोरीचा वळ काळा पडला होता.

"ऊठ," तो म्हणाला.

मेहुणा उठला नाही. "थांबा जरा दाजी. इथं बरं वाटतंय."

दगड थंड होता. त्यावर कोणाला बरं वाटलेलं नियम्यानं आजवर ऐकलं नव्हतं. शेवटी त्यानं खांद्यांखाली हात घातले, बहिणीनं पाय धरले. उचलताच नियम्याचे हात थबकले. जिवंत माणूस उचलताना स्वतःला थोडासा सावरतो, कुठंतरी मदत करतो. जो मदत करत नाही त्याचं ओझं वेगळं असतं, आणि ते ओझं नियम्याचे हात अंधारातही ओळखत.

मेहुण्यानं डोळे उघडले. "जड आहे का मी?"

त्यांच्या धर्मात असत्याइतकं मोठं पाप नाही. दुष्ट शक्तीचं नावच मुळी 'असत्य' असं आहे. नियम्यानं आयुष्यात दुधात पाणी आहे हेसुद्धा गवळ्याला तोंडावर सांगितलं होतं. पाय धरून उभी असलेली बायको त्याच्याकडे बघत होती.

"छे रे," तो म्हणाला. "कापूस आहेस नुसता. किती वाळलास! चल, जेवायला चल."

मेहुण्याचे ओठ हलले. मग फार सावकाश, जणू कसं ते आठवून बघत, त्यानं एक पाय जमिनीवर टेकवला.