लाल मातीवरचे पाय

टेनिस बघताना अक्का चेंडूकडे कधीच बघत नसत. चेंडू इकडून तिकडे जायचा, माझी मान त्याच्याबरोबर हलायची, आणि अक्कांची नजर पडद्याच्या खालच्या भागावर खिळलेली असायची. त्या फक्त पाय बघायच्या. मला आधी वाटलं, डोळे अधू झाले असतील. मग एका दुपारी, एक तरणाताठा गडी दोन सेट जिंकून पुढे असताना, अक्का अगदी हळू म्हणाल्या, "हा आता लंगडेल." मी हसले. अर्ध्या तासात तो मांडी धरून खाली बसला आणि उठला तो दोघांच्या खांद्यांवर हात टाकूनच. बाहेर ऊन मी मी म्हणत होतं, कूलर घरघरत होता, तरी माझ्या अंगावर काटा आला.

मेहरूण तलावापासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर. खाली अक्का आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली भाऊ म्हणायची. वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचे. मी शाळेत शिकवते. मे महिन्यात वर पत्र्याखाली बसणं अशक्य व्हायचं, म्हणून जेवण झालं की खाली त्यांच्या बैठकीत येऊन पडायचे. पॅरिसची लाल मातीवरची मोठी स्पर्धा तेव्हाच असते. तिकडे सकाळ, इकडे दुपारचे अडीच. जळगावात त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं-खिडक्या लावलेल्या, खोलीत अंधार, आणि त्या अंधारात एकच लाल चौकोन पेटलेला.

लाल मातीचं वेड त्यांना धुळ्याचं. त्यांचे वडील तिथल्या एका क्लबात माळी होते. साहेबलोकांसाठी तिथे मुरमाचं एक टेनिस कोर्ट होतं. त्यावर पाणी मारणं, रूळ फिरवणं, चुन्याच्या रेघा ओढणं ही वडिलांची कामं, आणि साहेब गेले की झाडू मारणं हे लहानग्या अक्कांचं. "पोरी, चेंडूची खूण एवढीशी," त्या बोटाचं पेर दाखवून सांगायच्या, "पायाची मात्र ही एवढी! कोण दमलं, कोणाचा गुडघा दुखतो, कोण मनातून हरलं, बठ्ठं त्या मातीत लिहिलेलं असायचं. मी झाडूने पुसायच्या आधी वाचून घ्यायची." एका साहेबांच्या पायाची खूण महिनाभर वाकडी पडत होती. अक्कांनी वडिलांना सांगितलं, वडिलांनी गप्प बस म्हटलं. ते साहेब पुढे खेळायला आलेच नाहीत. का, ते अक्कांना कुणी सांगितलं नाही.

एवढं सगळं असून त्यांचा एक लाडका खेळाडू होताच. उंच, वयाने उतरणीला लागलेला, सदा घामाघूम. त्याचं नाव त्यांच्या जिभेवर बसत नसे, म्हणून तो "आपला पोऱ्या." त्याच्याबद्दल मात्र त्या भाकीत करायच्या नाहीत. त्याचा सामना असला की पाय बघायचं सोडून डोळे मिटून घ्यायच्या आणि मला विचारायच्या, "पडला का गं चेंडू आत?"

भाऊंना टेनिसचा कंटाळा. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांचा जीव चोपड्याजवळच्या गावात, भावकीच्या केळीच्या बागेत असायचा. आठवड्यातून दोनदा मोटरसायकल काढून जायचे. त्या वर्षी चैत्रात घड उतरवताना एक घड त्यांच्या डोक्याला लागला. टेंगूळ आलं, हळद लावली, विषय संपला.

मेअखेरीला एका दुपारी भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन आमच्या समोरून गेले. अक्कांनी टीव्हीवरची नजर काढली.

"अहो, जरा परत या."

भाऊ आले.

"आता त्या भिंतीपर्यंत चाला."

"काऽय?" भाऊ हसायला लागले. "माले काय व्हयनं? तुना त्या टेनिसवाला शे का मी?"

"उजवी चप्पल घासते आहे तुमची."

"चप्पल जुनी शे."

मीही हसले. मला काहीच दिसलं नव्हतं. पण त्या दिवसापासून फरशीवरचा तो आवाज माझ्याही कानात बसला. फट्, सर्र. फट्, सर्र. भाऊ रोज जिना चढून माझ्या नळाचं पाणी बंद करायला यायचे. सातव्या पायरीवर थांबायला लागले. एकदा चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून असा सहज निसटला, जणू त्यांनी तो स्वतःच सोडून दिला. अक्कांनी तुकडे गोळा केले. डॉक्टरांचं नाव काढलं की भाऊ चिडायचे. त्या आठवड्यात घरातलं बोलणं कमी कमी होत गेलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्या पोऱ्याचा उपांत्यपूर्व सामना आला. सकाळपासून वारा पडलेला होता. तलावाच्या बाजूने आभाळ पिवळट दिसत होतं. चार-साडेचारला, तिसरा सेट संपत असताना, भाऊ झोपून उठले आणि स्वतःहून म्हणाले, "चाल, दवाखान्यात जाऊ. तुनं समाधान तरी व्हई." डोकं दुखत असावं, ते त्यांनी सांगितलं नाही.

अक्का ताडकन उठल्या. पिशवी घेतली, पायात चपला घातल्या. आणि मी म्हणाले, "अक्का, चौथा सेट तर बघा. तो बरोबरीला आणतोय. डॉक्टर सात-आठपर्यंत असतातच की."

अक्का दारात उभ्या राहिल्या. टीव्हीकडे पाहिलं, भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "बैस, बैस. मी चहा करस तवलोंग." अक्का चपला न काढता दिवाणाच्या कडेवर टेकल्या.

पोऱ्याने चौथा सेट घेतला. पाचवा सुरू झाला. मध्येच भाऊंचा फोन वाजल्याचं मी ऐकलं. ते ओसरीत जाऊन बोलत होते. नंतर कळलं, पुतण्याचा फोन होता: सातपुड्याकडून वावधान, म्हणजे वादळ, उठलंय, बागेत अर्धी केळी आडवी झालीय. आम्ही दोघी पडद्यासमोर. अक्कांनी त्या दिवशी डोळे मिटले नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून त्या बघत होत्या. पोऱ्याला शेवटचा एक गुण हवा होता, आणि बाहेर मोटरसायकल सुरू झाली.

अक्का धावल्या. मी त्यांच्या मागे. फाटक उघडं होतं, गल्लीत धूळ उडत होती आणि भाऊ कोपऱ्यावरून वळत होते. अक्कांनी हाक मारली ती वाऱ्याने परत आणून टाकली. आत टीव्हीवर हजारो लोक ओरडत होते. आपला पोऱ्या जिंकला होता. आम्ही फोन लावला. भाऊंचा फोन स्वयंपाकघरात, उकळून आटलेल्या चहाशेजारी वाजला.

सव्वासातला अनोळखी नंबर आला. चोपड्याच्या वाटेवर, तापीच्या पुलाच्या अलीकडे गाडी सरळ रस्त्यावरून हळूहळू उजवीकडे वळत गेली आणि पलीकडच्या चारीत उतरली, असं मागच्या ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं. समोरून काही येत नव्हतं हे नशीब. डॉक्टर म्हणाले, डोक्यात रक्त साचलेलं, महिनाभर तरी असेल. त्यावर आज पुन्हा मार बसला. ऑपरेशन झालं. भाऊ वाचले. पण उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. पुढे दोनच शब्द परत आले, "शे" आणि "नही", म्हणजे आहे आणि नाही.

भाऊ घरी आल्यावर अक्कांनी अंगणात चुन्याच्या दोन रेघा ओढल्या. सकाळ-संध्याकाळ भाऊंना त्या रेघांमधून चालवायच्या. "टाच आधी. आता अंगठा. घासू नका. उचला." कधी कधी भाऊ मध्येच थांबून रडायचे. अक्का थांबायच्या, त्यांचं तोंड पुसायच्या आणि म्हणायच्या, "झालं? चला, सर्व्हिस तुमची." मी वरच्या गॅलरीतून बघायचे आणि आत निघून जायचे. मी काय बोलले होते ते अक्कांना आठवतं का, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या वर्षी स्पर्धा लागली तेव्हा भाऊंच्या खुर्चीसमोर टीव्ही लावलेला असे. अक्का भाजी निवडत पाठमोऱ्या बसायच्या. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात भाऊ झोपेतच गेले. मुलगी सुरतेला असते. तिने घर भाड्याने द्यायचं ठरवून आईला न्यायला गाडी आणली.

निघायच्या सकाळी सामान भरून झालं होतं. मुलगी कुलूप लावत होती. मी अक्कांच्या पाया पडले आणि मला राहवलं नाही.

"अक्का, त्या दिवशी मी तुम्हाला बसा म्हणाले. चौथा सेट बघा म्हणाले. मी तसं म्हटलं नसतं तर..."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

"दोन वर्षं हे घेऊन बसलीस?"

मी मान हलवली.

"तू म्हणालीस ते खरं," त्या म्हणाल्या. "पण तू काय मला धरून बसवलं होतंस का? त्यांचा पाय मला दिसत होता, तुला नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खेळाची माती झाडली पोरी. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, आपल्या माणसाला जिंकताना उघड्या डोळ्यांनी बघावं." "मला बघायचं होतं गं. मी बसले."

मुलीने हाक मारली. अक्कांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली, गाडीत बसल्या आणि काच वर घेतली.