सुनीत माझे, अर्थ भाऊसाहेबांचा

भाऊसाहेब खेरडे यांची आणि माझी पहिली ओळख झाली तीच मुळी माझ्या कवितेवरून, आणि त्या ओळखीत माझी कविता गेली. त्यांच्या षष्ट्यब्दिपूर्तीच्या या गौरवग्रंथात एखादा लेख असा रुसका असला तर चालेल का, असे संपादकांना विचारून घेतले आहे. ते म्हणाले, भाऊसाहेबांना चालेल. भाऊसाहेबांना सगळेच चालते, ही माझी त्यांच्याविषयीची जुनी तक्रार आहे.

मी अकोल्याच्या जुन्या शहरातला. जातीने माळी, पण आमच्या घराण्याचा बागेशी संबंध टोपलीपुरता. वडील बाजारात हार आणि भाजी विकत. भाजी मळ्यातून येते एवढे मला ठाऊक होते. मळ्यात तिचे काय होते हे मी कधी पाहिले नव्हते. मी शिकलो, शाळेत मास्तर झालो आणि कविता करू लागलो. त्या दिवसांत मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या प्रत्येक मास्तराला सुनीताने पछाडले होते. चौदा ओळींत प्रेयसीला बसवल्याशिवाय कोणी स्वतःला कवी म्हणवून घेत नसे.

मला मात्र खरीच प्रेयसी मिळाली. मोर्शीकडच्या एका गावी मी मुलगी पाहायला गेलो. घर संत्र्याच्या बागाइतदारांचे. मुलीने पोहे आणून ठेवले, एकदा वर पाहिले आणि ती आत गेली. मग तिच्या वडिलांनी मला बाग दाखवली. थंडीचे दिवस होते. विहीर भरलेली, मोट नुसती लटकत होती, आणि झाडांनी पाने गाळून माना टाकलेल्या. बुंध्यांभोवतीची माती उकरून मुळ्या उन्हात उघड्या टाकलेल्या. मी घाबरून काही विचारले नाही. पुढे कितीतरी आठवडे त्यांच्याकडून हो नाही की नाही नाही. त्या तडफडीत मी सुनीत लिहिले. त्यातल्या दोन ओळी अजून लोक म्हणतात:

काठाशी जळ थांबले, तरि सखे, झाडे कशी वाळती?
मी मागू न शके, तुला न सुचते देणे तुझ्या हातचे

माझ्या मनात अर्थ सरळ होता. विहीर म्हणजे ती, वाळणारे झाड म्हणजे मी, आणि ती निष्ठुर आहे. सुनीत एका साप्ताहिकात छापून आले. थोड्याच दिवसांत तिकडून होकार आला. लग्न झाले.

त्यानंतर काही महिन्यांनी अमरावतीला वाचनालयाच्या सभागृहात कविसंमेलन होते. मी सपत्नीक गेलो. सौ. अनसूया बायकांत बसली. तिच्या माहेरची काही मंडळी बाजाराला आली होती, तीही मागे येऊन बसली. मी सुनीत गाऊन दाखवले. टाळ्या पडल्या, पण जरा अडखळत पडल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक उंच, काळेसावळे गृहस्थ उठले. खांद्यावर उपरणे, आवाज मोटेवर गाणाऱ्या माणसाचा. अध्यक्षांची परवानगी न घेताच ते म्हणाले, “या सुनीतावर दोन शब्द बोलल्याशिवाय मले बसवत नाही.” तेच भाऊसाहेब.

दोन शब्द पाऊण तास चालले. ते म्हणाले, संत्र्याच्या बागेला बहार यावा म्हणून माळी आधी तिचे पाणी तोडतो. मुळ्या उघड्या करतो, झाडाला तहान लावतो. याला ताण देणे म्हणतात. ताण बसला की मग पाणी सोडायचे, आणि अख्खी बाग फुलते. या सुनीतात विहीर भरलेली आहे आणि पाणी थांबलेले आहे. म्हणजे ते कुणीतरी जाणूनबुजून थांबवले आहे. ही सखी निष्ठुर नाही, ती बहाराची तयारी करते आहे. बिचाऱ्या नायकाला ते कळत नाही, तो वाळलो वाळलो म्हणून रडतो. वाचकाला मात्र कळते. नायकाला न दिसणारे प्रेम वाचकाला दाखवायचे, ही या कवीची करामत!

सभा डोलू लागली. माझ्या अंगाची आग झाली. कारण यातले अक्षरही माझ्या मनात नव्हते. ताण हा शब्द मी त्या अर्थाने आयुष्यात प्रथम ऐकत होतो. मी उभा राहून म्हणालो, “माफ करा, माझा असा अर्थ नव्हता.”

भाऊसाहेब हसले. हात जोडून सभेला म्हणाले, “पहा, कवी किती प्रामाणिक आहेत! नायक अजून अंधारातच हाय.”

सभागृह हसण्याने दणाणले. मी बसलो तो पुन्हा कोणत्याही सभेत स्वतःच्या कवितेविषयी बोललो नाही. घरी परतताना टांग्यात अनसूया एवढेच म्हणाली, “किती चांगलं बोलले ते!” माझ्या वाचनाविषयी ती काहीच बोलली नाही.

तेव्हापासून ते सुनीत खेरड्यांचे झाले. अकोट, मूर्तिजापूर, जिथे वाङ्मय मंडळ म्हणून चार खुर्च्या मांडल्या जात तिथे भाऊसाहेबांना बोलावीत आणि तेच व्याख्यान मागत. एकदा आमच्या शाळेत तपासनीस आले. मी वर्गात माझीच कविता शिकवीत होतो. ते म्हणाले, “मास्तर, ठीक आहे, पण अमरावतीच्या खेरड्यांचे एकदा ऐकून या. ही कविता तुमच्या नीट ध्यानात आलेली नाही.” मी होय म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

भाऊसाहेबांच्या कार्याविषयी दुमत नाही, माझेसुद्धा नाही. शेतकऱ्यांच्या आणि माळ्यांच्या दोन पिढ्यांना त्यांनी कविता वाचायला शिकवले. उपमा आली की ते आधी विचारीत, ही वस्तू तू पाहिली आहेस का? पाहिली नसेल तर पाहून ये, अलंकाराचे नाव मग सांगतो. स्वतः त्यांनी एक ओळ लिहिली नाही. मी एकदा खोचून विचारले, तर म्हणाले, “तुमी लोक लिहून राहिले ना, मंग वाचनारं कोनी पाहिजे का नाही?” व्यासपीठावर ते बोली सोडीत नसत. पुण्याच्या एका पाहुण्यांनी नाक मुरडले तेव्हा भाऊसाहेब त्यांना म्हणाले, आमच्याकडे लाडही भांडल्यासारखे ऐकू येतात, आपण मनावर घेऊ नये. पाहुणे संध्याकाळी त्यांच्याच घरी जेवले.

त्यांच्या मायेचाही अनुभव मी घेतला आहे आणि तो मला फार जड गेला. मला मुदतीचा ताप आला होता. भाऊसाहेब अमरावतीहून फळांची करंडी घेऊन आले, घरी असल्यासारखे राहिले, डॉक्टरांकडे हेलपाटे घातले, माझे पाय चेपले. आणि संध्याकाळी ओसरीवर बसून अनसूयेशी संत्र्याच्या मृगबहार आणि आंबेबहार या दोन मोसमांवर गप्पा मारू लागले. ती खळखळून हसत होती. माझ्याशी बोलताना ती जपून, शाळेतल्या भाषेत बोले. त्यांच्याशी बोलताना तिचे माहेर तिच्या तोंडात येई. मी आत पडून ऐकत होतो. तापापेक्षा ते हसणे मला जास्त भोवले. बायको माझी, पण तिने मन दिले ते भाऊसाहेबांनी लावलेल्या अर्थाला, असे त्या आजारात माझ्या डोक्यात बसले आणि ताप उतरला तरी ते उतरले नाही. दर बहाराला माहेरून आलेली संत्री ती अमरावतीला भाऊसाहेबांकडे पाठवते. निवडून पाठवते. उरलेली आम्ही खातो.

हा लेख लिहायला बसलो आणि तीच जुनी जळजळ वर आली. शेवटी परवा मी तिला सरळ विचारले, त्या माणसाचे तुला एवढे कौतुक काहून?

ती संत्री पुसत होती. शाळेतली भाषा विसरून म्हणाली, “काहून म्हंजे? त्या दिवशी मांगं आमच्या गावचे मानसं बसले होते. तुमी गाऊन राहिले अन् ते एकमेकाले कोपरं मारून राहिले. तान देलेल्या बागेले हा मानूस सुकली म्हून रडते! आता हे मोठ्यानं हसतीन अन् साऱ्या सभेत तुमचं हसं होईन, असं दिसून राहिलं होतं. तेवढ्यात भाऊसाहेब उठले. त्यायलेही समजलं होतं. झाकलं त्यायनं.”

मी लेखाचा कागद बाजूला ठेवला. मग भीतभीतच विचारले, “म्हणजे चूक तुलाही कळली होती?”

“मले तर पेपरातच समजली. दादानं आनून देला होता. वाचून लय हसली मी.”

“मग होकार कसा दिलास?”

तिने हातातले संत्रे खाली ठेवले. “पुन्हा एक डाव वाचलं. म्हटलं, याले बागेतलं काही समजत नाही, पन झाडाले पानी नाही म्हून याचा जीव तुटून राहिला. असा मानूस मले उपाशी ठेवनार नाही. बाबाले सांगितलं, हो म्हना.”

भाऊसाहेबांनी त्या सभेत माझी अब्रू वाचवली, आणि एवढ्या वर्षांत एका शब्दाने ते मला जाणवू दिले नाही. उपकार कळल्यावर मत्सर संपावा. माझा संपला नाही. उलट इतका चांगुलपणाही त्यांनीच करून ठेवावा याचा नवा हेवा वाटू लागला आहे. पण आज तो हात जोडून वाटतो आहे.

भाऊसाहेब, आपली साठी सुखाची झाली, शंभरीही तशीच व्हावी. गुडघे, दृष्टी आणि तो आवाज शाबूत असोत, गावोगावच्या खुर्च्या आपली वाट पाहत राहोत. माझ्या सुनीताचा अर्थ आपण हवा तितका सांगा. तोच खरा, हे मी यापुढे भर सभेत कबूल करीन. फक्त अनसूयेने लावलेल्या अर्थावर व्याख्यान देऊ नका. तो तिने माझ्यासाठी लावला होता.